सोनपेठची लढाई व रणांगणावरील बातमी

बातमी खरी असून तिजवरून काढलेलें अनुमान खोटें ठरावें, याचें ठळक उदाहरण परभणी जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. इ. स. १५९७ च्या आरंभीं गोदातीरीं खानखानान अब्दुर्रहीम व विजापूरचा सरदार सुहेलखान यांची गांठ पडली. फिरिस्ता रणस्थळ सोनपेठ म्हणतो. अबुल फजल तें आष्टीजवळ, पाथरीपासून १२ कोसांवर देतो.

खानदेशचा राजा अलीखान फारुकी मोगलांकडून लढत होता. अंधार पडतांना त्याचें पथक दिसेनासें झालें. बातमी काय ती एवढीच. तीवरून तो पळाला, शत्रूस मिळाला किंवा मारला गेला, असे तीन तर्क सारखेच संभवत होते. मोगलांनीं पहिले दोन धरले, तिसरा सोडला, व त्याची छावणी लुटली. उजाडल्यावर त्याचें प्रेत रणांत सांपडलें!

असें कां व्हावें? अलीखान हा अर्धवट मित्र होता. त्यास वळविण्यास इ. स. १५९१ त अकबरानें फैजीस वकील म्हणून धाडिलें होतें. संशय आधींचा होता. पुराव्यानें तो उपजला नव्हता. तो शत्रूस मिळाला असता तर पलीकडे त्याचीं निशाणें कोणास तरी दिसावयास हवीं होतीं. एवढें विचारणें पुरें होतें. सुहेलखानाची गतही निराळी नव्हती. त्यानेंही जय आपलाच मानला, त्याचे लोक लुटीस पांगले, आणि दुसरे दिवशीं तो हरला.

फिरिस्ता विजापूरचा आश्रित, अबुल फजल अकबराचा. विरुद्ध पक्षांचे हे दोघेही त्या रात्रीचा घोटाळा वर्णितात, म्हणून तो विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं.

आम्ही संग्राहक समकालीन पत्रास बखरीहून वरचढ मानतों, व तें बहुधा योग्यच. परंतु 'अलीखान शत्रूस मिळाला' असें त्याच रात्रीं मोगल छावणींत लिहिलेलें पत्र उद्यां एखाद्या दप्तरांत निघालें, तर कागद, वळण, मिति सर्व अस्सल ठरून मजकूर मात्र खोटा असेल. लेखकानें काय डोळ्यांनीं पाहिलें व काय ताडलें, हें ओळीओळीस निवडावें लागेल.

अलीखानाचा पुत्र बहादूरखान पुढें मोगलांविरुद्ध उठला. असीरगड हातीं येण्यास इ. स. १६०१ उजाडलें. लुटीच्या रागानेंच तो उठला असें म्हणण्याचा मोह होतो. तथापि एकामागून दुसरें घडलें, एवढ्यावरून तें सिद्ध होत नाहीं; त्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे.