‘कात्रजचा घाट दाखविणे’ : एका वाक्प्रचाराचा विचार

पुण्याच्या दक्षिणेस सातारा मार्गावर असलेल्या कात्रजच्या घाटाने मराठी भाषेस एक वाक्प्रचार दिला आहे. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ म्हणजे भलतीच दिशा दाखवून फसविणे. ‘हातावर तुरी देणे’ या प्रयोगाशी त्याचे साम्य असले, तरी दोहोंत भेद आहे. तुरी देणारा केवळ निसटतो. घाट दाखविणारा पाठलाग करणाऱ्यास बुद्ध्या चुकीच्या वाटेस लावतो. तसेच, ‘पाचावर धारण बसणे’ हा प्रयोग भ्यालेल्याची अवस्था सांगतो. प्रस्तुत प्रयोगात त्या अवस्थेचा दुसऱ्याने करून घेतलेला उपयोग अभिप्रेत आहे.

या प्रयोगाचे मूळ शायिस्तेखानावरील छाप्यात सांगितले जाते. चैत्र शुद्ध अष्टमी, शके 1585 (5 एप्रिल 1663) च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शिरले. खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र अबुल फत्तेखान मारला गेला आणि छावणीत एकच हाहाकार उडाला. परंपरा सांगते की, बैलांच्या शिंगांस पेटते पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलण्यात आले. त्या उजेडामागे मोगल धावले आणि महाराज नैर्ऋत्येस सिंहगडाकडे निघून गेले.

या वृत्तान्ताचे दोन भाग वेगळे ठेवले पाहिजेत. छाप्याची हकीकत सभासदाच्या बखरीत आहे, तशीच ती मोगल पक्षाकडील भीमसेन सक्सेनाच्या फार्सी ग्रंथातही आहे. पलित्यांची कथा मात्र मुख्यतः उत्तरकालीन बखरी व लोकपरंपरा यांवर उभी आहे.

अशी युक्ती अशक्य नव्हती, हे प्राचीन इतिहासावरून दिसते. इ. स. पू. 217 मध्ये हॅनिबलने इटलीत सुमारे 2000 बैलांच्या शिंगांस मोळ्या बांधून पेटविल्या. ते दिवे पाहून खिंडीवरील रोमन पहारा जागा सोडून गेला, असे पॉलिबियस लिहितो. तेथे शत्रूस खिंडीपासून दूर नेले. येथे घाटाकडे ओढले, असे म्हणतात. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. एका युक्तीची शक्यता सिद्ध झाल्याने दुसरी घडली, असे ठरत नाही.

म्हणून वाक्प्रचारास घटनेचा साक्षीदार मानणे युक्त नाही. तथापि त्याची साक्ष निरर्थकही नाही. भयाने व क्रोधाने भांबावलेला मनुष्य जे डोळ्यांस दिसते त्याच्याच मागे धावतो, हे लोकांनी त्या रात्रीचे मर्म मानले आणि ‘दाखविणे’ या एका क्रियापदात साठवून ठेवले. बैल खरोखर धावले की नाही, हा प्रश्न साधनांचा आहे. त्या छाप्याचा अर्थ लोकांनी कसा लाविला, याचे उत्तर भाषेनेच देऊन ठेविले आहे.