नाणेघाट: चाकाने मोडलेली वाट

सातवाहन गेले, यादव गेले, निजामशाहीही बुडाली. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट मात्र चालतच राहिला. वर जुन्नरची पेठ, खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं आणि मधला कडा चढू शकणारा बैल, एवढ्यावर त्याचं भागत होतं.

घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात मांडलेत. देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत ते मोडतात. मागच्या भिंतीत राजघराण्याचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक. येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी हे पाहूनच पुढे सरकणार. मिरवायला जागा अचूक निवडली होती!

बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. मला ते पटत नाही. उघड्यावरच्या रांजणात रोकड कोणता कारकून ठेवील?

खरी गोष्ट नाळेत उतरल्यावर कळते. दोन्हीकडे कातळ, मध्ये चिंचोळी वाट, खोदलेल्या पायऱ्या, बाजूला पाण्याची टाकी. पाठीवर गोणी लादलेला बैल इथून चढतो, गाडी चढत नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी घाट चढली आणि माल तिकडे वळला. राजवटींना दाद न दिलेली वाट चाकापुढे हरली. आंबेगावातल्या आहुपे घाटाची गत वेगळी नाही.

विलायतेत त्याच आगगाडीने उलटा चमत्कार केला. ब्लॅकपूलसारखी समुद्रकाठची गावं गिरणी कामगारांच्या सुट्ट्यांवर फोफावली आणि १९६० नंतर स्पेनचा विमानप्रवास स्वस्त झाला तशी ओसरली. तिथेही दगा वाहनानेच दिला.

नाणेघाटाला चाक उशिरा भेटलं, तेही मालाशिवाय. घाटघरच्या बाजूने आता मोटारी माथ्यापर्यंत येतात. लोक वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघतात, कणीस खातात, फोटो काढतात आणि तिथूनच माघारी फिरतात. वैशाखऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या ट्रेकरमंडळींना उरल्या. बैलांचे तांडे असताना पावसाळ्यात घाट थंडावायचा आणि उघडीप झाली की हंगाम सुरू व्हायचा. आता धंदा पावसाचाच. दिवाळीनंतर टपरीवाल्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं.