जुम्मापट्टीचं स्टेशन आणि आदमजींचे रूळ

नेरळहून माथेरानला निघालेली छोटी गाडी डोंगर चढू लागली की पहिलं स्टेशन येतं जुम्मापट्टी. मुद्दाम तिथेच उतरावं असं पर्यटकाला फारसं काही नाही. लहानसा फलाट, भोवती डोंगर आणि आसपास ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. मार्ग एकेरी, त्यामुळे वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायची जागा ही. 'जुम्मा' ऐकून आपल्यातल्या काहींचे कान टवकारतील, पण नुसत्या नावावरून इतिहास रचायला मी तयार नाही. आणि तशी गरजही नाही. इथला इतिहास रुळांतच आहे.

वर्गात मी "रेल्वे कोणी आणली?" असं विचारलं की एका सुरात उत्तर येतं, "इंग्रजांनी!" देशापुरतं ते ठीक आहे. जुम्मापट्टीवरून जाणारी ही रेल्वे मात्र मुंबईतल्या एका बोहरा घराण्याची. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सुमारे १६ लाख रुपये, त्या काळातले! त्याआधी नेरळहून वर जायचं तर घोडा, पालखी, नाहीतर आपले पाय.

काम सोपं नव्हतं. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. वळणं इतकी अवघड की रुळांची रुंदी जेमतेम दोन फूट ठेवावी लागली. पहिली इंजिनंसुद्धा विलायतेची नव्हेत, जर्मनीच्या ओरेनस्टीन अँड कोपेल कारखान्यातली. वळण घेताना टोकाची चाकं थोडी सरकावीत, अशी त्यांची खास घडण होती.

आदमजींची कमाई लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्यातली. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ होते. रेल्वे सुरू झाली त्याच १९०७ च्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्षही तेच. पुढच्या राजकारणानं ही एकच ओळ त्यांच्या नावापुढे ठळक केली. लीगचा अध्यक्ष लक्षात राहिला आणि सह्याद्रीत रूळ टाकणारा माणूस पर्यटनाच्या माहितीपत्रकात एका वाक्यापुरता उरला. मला हा हिशेब पटत नाही. आपल्याकडेही त्यांची आठवण कितीजण काढतात?

२६ जुलै २००५ च्या पावसानं हा मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात परत तेच. त्यानंतर वरच्या टोकाला अमन लॉज ते माथेरान अशी पर्यटकांसाठी गाडी चालू झाली, पण खाली जुम्मापट्टीला नेरळची गाडी दिसली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये.