आधी प्रतिज्ञा, मग ग्रंथ

सीताबर्डीचे नाव निघाले की इतिहासाच्या वाचकास नोव्हेंबर 1817 ची भोसले आणि इंग्रज यांची लढाई आठवते व टेकडीवरचा किल्ला डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच टेकडीच्या पायथ्याशी, बर्डीच्या गजबजाटातील श्याम हॉटेलात, ऑक्टोबर 1956 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जो मुक्काम पडला, त्याची हकीकत नीतिविचाराच्या इतिहासात नमूद व्हावी अशी आहे.

त्या वेळी 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ लिहून झाला होता, पण प्रसिद्ध झाला नव्हता. इतर धर्मांत जे स्थान ईश्वराचे, तेच धम्मात नीतीचे, हा त्याचा मध्यवर्ती सिद्धान्त. शरीर खंगत चालले असता अनेक वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या पाचशे प्रती सरकारने खरेदी कराव्यात, अशी विनंती त्यांनी सप्टेंबरात पंतप्रधान नेहरूंना केली होती. ती मंजूर झाली नाही.

अशा प्रसंगी स्पिनोझाचे स्मरण होते. 1656 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेल्या या तत्त्वज्ञाने आपले लॅटिन 'एथिका' भूमितीच्या प्रमेयांप्रमाणे रचले, 1675 मध्ये ते छापण्याचा बेत केला आणि विरोधाची कुणकुण लागताच तो सोडला. 1677 मध्ये त्याच्या निधनानंतर मित्रांनी ते केवळ आद्याक्षरांनिशी प्रसिद्ध केले, आणि पुढल्याच वर्षी हॉलंडच्या सत्ताधाऱ्यांनी त्यावर बंदीचा हुकूम काढला.

त्या बहिष्कारानंतर बरोबर तीनशे वर्षांनी नागपुरात जे घडले त्याचा क्रम मात्र उलटा होता. 14 ऑक्टोबर रोजी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी बर्डीपासून थोड्याच अंतरावरील एका मैदानात जमलेल्या लाखोंच्या समुदायाकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. चोरी, असत्य व मद्य यांचा त्याग आणि सर्व माणसांच्या समतेवरील निष्ठा त्यांत होती. 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, आणि ग्रंथ 1957 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला.

स्पिनोझाचे लॅटिन जसे विद्वानांपुरते, तसा हा इंग्रजी ग्रंथही त्या मैदानातील बहुसंख्यांना वाचता येण्याजोगा नव्हता. पण तो छापून येण्यापूर्वीच त्यातील नीती मराठीत, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने उच्चारून ती माणसे आपापल्या गावी परतली होती.