बॉयकॉट : एका नावाचा झाला शब्द

निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या गावाच्या वेशीवर फलक लागतो : ‘रस्ता नाही, तर मत नाही.’ दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की, अमुक गावाने मतदानावर बहिष्कार घातला. कॉलेजातली मुले तासाला बसत नाहीत, तेव्हा तीही म्हणतात, ‘आम्ही बॉयकॉट केला.’ शब्द दोन, पण आपण ते एकाच अर्थाने वापरतो. हे दोन शब्द खरोखर एक आहेत काय? आणि हा ‘बॉयकॉट’ आला तरी कोठून?

बहुतेक शब्दांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. नदीच्या उगमासारखेच ते. शोधत वर जावे, तर शेवटी दगडाखालची ओल तेवढी हाताला लागते. पण ‘बॉयकॉट’चे तसे नाही. त्याचे गाव ठाऊक आहे, साल ठाऊक आहे आणि बारसे कोणी केले तेही ठाऊक आहे. कारण तो मुळात शब्द नव्हताच. ते एका माणसाचे आडनाव होते.

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा परगणा आहे. तेथे लॉख मास्क या सरोवराच्या काठी चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट नावाचा इंग्रज राहत असे. पूर्वी तो फौजेत होता, म्हणून लोक त्याला कप्तान म्हणत. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि जो देणार नाही त्याला जमिनीवरून उठवायचे, हे त्याचे काम. आपल्याकडच्या जुन्या माणसांना असा कारभारी डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

१८७९ साली त्या भागात पीक बुडाले. बटाट्यावर जगणारी ती गरीब माणसे. खंड कोठून देणार? त्याच वर्षी ऑक्टोबरात मेयोमध्येच मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने ‘लँड लीग’ ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस येथील सभेत पार्नेल यांनी लोकांना एक प्रश्न विचारला. ज्या शेतावरून एका कुळाला हुसकून लावले, तेच शेत दुसऱ्याने कसायला घेतले, तर त्या दुसऱ्याचे काय करावे? गर्दीतून आवाज उठले, गोळी घाला! पार्नेल म्हणाले, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याच्याशी बोलू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याला एकटा पाडा.

ही मसलत नव्या शेतकऱ्यासाठी सांगितली होती. पण काही दिवसांतच ती लागू झाली बॉयकॉटला. लॉर्ड अर्न शेकडा दहा सूट द्यायला तयार होते, कुळे पंचवीस मागत होती. तडजोड झाली नाही. अकरा कुळांवर नोटिसा निघाल्या. नोटिसा बजावणारा आला, तेव्हा बायकांनी दगड, चिखल आणि शेण यांचा मारा करून त्याला पळवून लावले. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या वाड्यावर गेला आणि नोकरचाकरांना काम सोडायला सांगितले. काही राजीखुशीने गेले, काही भयाने गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग लोहार येईना, धोबीण येईना, टपाल आणणारा पोऱ्या येईना. बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. शेतात उभे पीक, आणि काढायला एक हात नाही.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. ती वाचून उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास मजूर मदतीला आले. त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई आणि पोलीस! पीक फार तर पाचशे पौंडांचे. बंदोबस्ताचा खर्च दहा हजार पौंडांच्या घरात गेला, असा अंदाज केला गेला. म्हणजे रुपयाच्या भाजीला वीस रुपयांची राखण. पीक निघाले खरे, पण २७ नोव्हेंबर १८८० रोजी कप्तानसाहेबांना ते घर सोडावे लागले. जाताना भाड्याची गाडी हाकायला कोणी तयार होईना, म्हणून लष्करी गाडीतून जावे लागले.

आता बारशाची गोष्ट. जेम्स रेडपाथ नावाचे एक अमेरिकन पत्रकार त्या वेळी तेथे होते. तेथील पाद्री फादर जॉन ओमॅली हे कुळांच्या बाजूचे. या प्रकाराला नाव काय द्यावे, असा प्रश्न रेडपाथना पडला. इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइझ’ असा शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव लिहून माणसाला दहा वर्षे हद्दपार करीत, त्या खापरावरून आलेला हा ग्रीक शब्द. पण तो शेतकऱ्यांना कळणार कसा? फादर ओमॅलींनी थोडा विचार केला आणि सुचवले, ‘बॉयकॉट करणे’ म्हटले तर? झाले! नोव्हेंबर संपण्यापूर्वी तो शब्द ‘टाइम्स’मध्ये छापूनही आला. पुढे फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांनी तो उचलला. आडनावाचे क्रियापद झाले. १८९७ साली कप्तान बॉयकॉट इंग्लंडात वारला, तेव्हा त्याचे नाव त्याच्या मालकीचे उरले नव्हते.

पण शिक्षकमित्रहो, वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा आपल्या घरची गोष्टही सांगा. शब्द आयर्लंडात जन्मला. त्या शब्दाने सांगितलेली कृती मात्र आपल्या मातीत त्याआधीच घडली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, आपल्या कापसाला भरमसाट भाव आला आणि मग तो कोसळला. पाठोपाठ सारा वाढला. दख्खनचा शेतकरी सावकाराच्या रोख्यांत गळ्यापर्यंत बुडाला. डिसेंबर १८७४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, कर्डे गावी, एका सावकाराने हुकूमनामा बजावला आणि गाव एक झाले. सावकाराच्या दुकानी जायचे नाही, त्याचे शेत कसायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, कोणी त्याच्या घरी पाणी भरायचे नाही. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. मे १८७५ मध्ये सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा झाला, रोखे जाळले गेले आणि पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. म्हणजे कप्तान बॉयकॉटच्या सहा वर्षे आधी भीमा-घोडच्या खोऱ्यात हे हत्यार चालले होते. फक्त त्याला नाव मिळाले नव्हते.

नाव नव्हते, असे तरी कसे म्हणावे? ‘वाळीत टाकणे’ आपल्या भाषेत होतेच. आणि इथेच खरी मेख आहे. ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणे. ज्याला बाहेर काढायचे तो बहुधा एकटा असतो, आणि काढणारे असतात गाव, जात, पंचायत. आयर्लंडातला बॉयकॉट खालून वर गेला. आपल्याकडची वाळीत टाकण्याची रूढी वरून खाली आली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहाला गेली, एवढ्यावरून ग्रामण्य माजले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत पोहोचले. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. पंधरा वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, वंगभंगाच्या विरोधात कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार ठेवला. काल जो शब्द घरातल्या माणसाला बाहेर काढीत होता, तो आता परक्या सत्तेच्या मालाला बाहेर काढू लागला.

मग तो शब्द पावन झाला काय? नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू केले. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या बहिष्कार होता, त्यांनी तोच शब्द आपल्या ध्वजावर लिहिला. पाण्याचा हक्क मागितला की गाव काम देत नाही, वाणी मीठमिरची देत नाही, वाट बंद होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून १९३०-३१ च्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. तिला आधार घेतला तो ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. मुंबई राज्याने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आणि तिकडे अमेरिकेत? डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरातील काळ्या लोकांनी बसवर बॉयकॉट घातला. ३८१ दिवस ते पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये वेगळ्या जागी बसले नाहीत. शेवटी ती वेगळी जागाच गेली.

तेव्हा शब्द तोच असला, तरी हत्यार कोणाच्या हाती आहे, हे पाहावे लागते. विळा तोच, पण त्याने गवतही कापता येते आणि शेजाऱ्याचा दोरही. तुमच्या गावात उद्या कोणी म्हणाले की, ‘अमक्यावर बहिष्कार टाकू या,’ तर मुकाट्याने हात वर करू नका. आधी दोन प्रश्न विचारा. ज्याच्यावर बहिष्कार घालायचा तो आपल्याहून बलवान आहे की दुबळा? आणि त्याने अन्याय केला आहे, की फक्त आपला हक्क मागितला आहे? उत्तर ‘बलवान’ आणि ‘अन्याय’ असे आले, तर तुम्ही मेयोच्या आणि कर्ड्याच्या शेतकऱ्यांच्या रांगेत आहात. उत्तर ‘दुबळा’ आणि ‘हक्क’ असे आले, तर त्या रांगेतून बाहेर या आणि आधी त्या माणसाच्या घरी जाऊन घोटभर पाणी मागून प्या.