चाल कुणाची, बैठक कुणाची

परभणीजवळच्या आमच्या पिंगळीच्या भजनात एक भांडण ठरलेलं. पोरं एखाद्या अभंगाला सिनेमातल्या गाण्याची चाल लावतात आणि म्हातारी मंडळी टाळ खाली ठेवतात. "काहून रे, देवाला थेटरात नेता?" मी पेटीवर, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या माझ्या वाट्याला. गंमत अशी की म्हाताऱ्यांना जी 'जुनी, आपली' चाल हवी असते, ती पुष्कळदा नाटकातली असते. त्यांच्या आज्यांनी ती फोनोवर ऐकली, विठ्ठलाच्या पायी वाहिली आणि मग ती विठ्ठलाचीच झाली. गाणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या तोंडी शब्द असतात. पेटीवाल्याच्या बोटांखाली नुसत्या पट्ट्या असतात, म्हणून चोरी त्यालाच आधी कळते.

मला ही चोरी वाटत नाही, हे आधीच सांगतो. गोऱ्या लोकांकडे दिवाणखान्यात चार वाद्यं घेऊन वाजवायचं जे संगीत असतं, त्याला आपल्याकडे जवळची वस्तू म्हणजे बैठक. गादी, तक्के, तानपुरे, तबला, पेटी आणि समोर पन्नास-साठ कान. या बैठकीचं गाणं हे देवघरातल्या सोवळ्यासारखं बाजारापासून लांब राहिलं, असं आपल्याला शिकवतात. शंभर-सव्वाशे वर्षांचा मराठी इतिहास याच्या नेमका उलट आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं. त्यात दोनशेच्या आसपास पदं होती आणि चाली म्हणाल तर साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या. लोकांच्या कानावर आधीच असलेल्या. त्या नाटकात गवयाचं गाणं शोधणाऱ्याला फार काही सापडत नाही. मग १२ मार्च १९११ला 'मानापमान' आलं आणि चाली द्यायला बसले गोविंदराव टेंबे. टेंबे पेटीवाले. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी जवळून ऐकलेला, भास्करबुवा बखल्यांना मानणारा माणूस. पण नाटकासाठी त्यांनी उचलल्या पूरबच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या चाली. कोठ्यावरचं गाणं मराठी शब्द लेवून पुण्याच्या घराघरांत शिरलं आणि कुणाची सोवळी विटाळली नाहीत. पाच वर्षांनी, १० डिसेंबर १९१६ला 'स्वयंवर' झालं, तेव्हा भास्करबुवांनी दुसरं टोक गाठलं: थेट ख्यालाच्या बंदिशीच पदांच्या खाली घातल्या.

हे कसं होतं ते पेटीवर बसलं की दिसतं. बैठकीत यमन गाताना गवई गंधारावरच घटकाभर रेंगाळतो. निषाद, रिषभ, पुन्हा गंधार, पंचमाला अजून हातही लावलेला नाही. नाटकात एवढी सवड कुठली? राजकन्या रंगमंचावर उभी, तिला पुढचं वाक्य बोलायचंय. म्हणून बंदिशीचा मुखडा ठेवायचा, आलाप दोन श्वासांत आटपायचा, एक छोटी तान, की लगेच अंतरा. वन्समोअर मिळाला तर तोच मुखडा, जागा नवी. 'नाथ हा माझा' वाजवताना माझी बोटं यमनातून एवढ्या वेगाने जातात की राग संपूर्ण दिसतो आणि थांबत मात्र कुठेच नाही. ही काटछाट थोडी हलकी म्हणून हिणवतात. मला ती फार अवघड वाटते. पंधरा मिनिटं मिळाली तर यमन कुणीही मांडील.

त्यात तबकडीने भर घातली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, म्हणजे ख्यालातलं मोठं नाव, त्यांनीसुद्धा 'मानापमाना'तलं 'चंद्रिका ही जणू' तबकडीवर गायलं. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, ते थेट सप्टेंबर १९४८पर्यंत. मनमाडहून परभणी, पिंगळी, पूर्णा करत जाणारी मीटरगेज गाडी आणि चावीचा फोनो, एवढ्या दोन वाटांनी मुंबई-पुण्याचं गाणं आत येणार. आणि आलं की आधी भजनात शिरणार, कारण गावात रोज गाणारी जागा तेवढी एकच.

पेटीचंही तसंच. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४०च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा लावला आणि ती मांडीपुढे बसली. आमच्या नाटकवाल्यांनी तिला उचललं, नाटकातून ती बैठकीत आली. बाजारू वस्तू म्हणून तिच्यावर बहिष्कारही पडला: १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिला दारं बंद केली, ती १९७१ साली किलकिली झाली. रवींद्रनाथांनाही ती नको होती. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हे दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार, आणि हा माणूस स्वतः हिंदी वाद्यांचा वाद्यवृंद उभारून पूर्व-पश्चिम एकत्र करायला निघालेला! १९५२ नंतर माहिती-नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी सिनेमाची गाणीही रेडिओवरून मागे सारली, तर लोक रेडिओ सिलोन लावू लागले. केसकर मराठी माणूस, स्वतः धृपद शिकलेले. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण गाण्याचा प्रवाह त्यांना कळला नव्हता एवढं नक्की.

पेटीची खोट मला मान्य आहे. बारा सूर ठोकून बसवलेले, मींड नाही. दरबारीचा गंधार हलायला हवा, तो माझ्याकडून हलत नाही; मी त्याला नुसता शिवून बोट काढून घेतो आणि बाकीचं गवयाच्या गळ्यावर सोडतो.

या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत मोठा वाटतो तो कुमार गंधर्वांचा भाग. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस क्षयाने खंगून १९४८ साली देवासला गेला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी, दारावर येणाऱ्यांची गाणी ऐकत राहिला. चार-पाच सुरांच्या त्या धुना. त्यांनी त्या गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि प्रत्येकीत कोणता राग दबा धरून बसलाय ते शोधलं. त्यातून धुनउगम राग निघाले: मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी आणि आणखी काही. १९६५ साली 'अनूपरागविलास' छापून आलं. म्हणजे नाटकाने राग आखडून पद केलं, कुमारांनी धून उकलून राग केला. तिकडे हंगेरीत संगीतकार बार्टोक मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी मुद्रित करत हिंडला आणि ती हाडं त्याच्या सहा स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये उतरली, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच, की कुमारांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा अख्खा कार्यक्रम करून नाटकाच्या पदांनाही ख्यालाच्या बरोबरीने पानात वाढलं. त्यावर नाकं मुरडली गेलीच.

आणि मग २००५. अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेटने, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो अशा चौघांनी, राहुलदेव बर्मनच्या गाण्यांची तबकडी काढली. गायला आशा भोसले, तबल्याला झाकीर हुसेन, चिनी पिपावर वू मान. 'चुरा लिया है'चं गिटार तिथे गजाच्या वाद्यांच्या मदतीने उभं राहतं. संगीतातली नवी घटना म्हणून तिकडे कौतुक झालं. आम्हाला त्यात नवल कमी, कारण गाणारी बाई बलवंत संगीत मंडळीच्या दीनानाथांची मुलगी. गवई वझेबुवांकडून चाली घेऊन दीनानाथांनी रंगमंचावर जे चालवलं होतं, ते तिच्या घरचंच.

पण खरं सांगायचं तर त्या तबकडीवर माझं मन पुरतं बसत नाही. मांडणीतली मेहनत कान धरून ऐकावी अशी; तरी गाणं जिथे सुरू झालं तिथेच राहतं. वाद्यं बदलली, आकार तोच. सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंचा आवाज मात्र त्या आकाराच्या बाहेर सारखा डोकावतो. एखाद्या ओळीच्या शेवटी ती क्षणभर रेंगाळते, आणि तिथे मला वाटतं आता हा धागा कुणीतरी ओढावा. क्वार्टेट पुढचं कडवं सुरू करतं.

त्याआधी नऊ वर्षं, १९९६ साली, आशाबाईंनी अली अकबर खाँसाहेबांबरोबर 'लेगसी' ही तबकडी केली. त्यात मैहर घराण्याच्या जुन्या बंदिशी. ऐकणाऱ्यांतले बरेच जण म्हणतात, बघा, सिनेमावाली असून शास्त्रीय गाऊ शकते. मला ते उलट ऐकू येतं. बंदिशीत शब्दाला जो लाडिक धक्का ती देते, तो ख्यालवाल्याला सहसा जमत नाही. तो सिनेमाच्या मायक्रोफोनपुढे उभं राहून कमावलेला आहे. खाँसाहेबांनी तो तसाच ठेवू दिला.