बुलढाणा जिल्ह्यातील परिसंस्था व त्यांचे संरक्षण

विदर्भाच्या पश्चिम टोकावरील, अमरावती विभागातील जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे ९,६६० चौ. किमी., तालुके १३. जिल्ह्यातले लोक आपला मुलूख दोन शब्दांत सांगतात : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या पठारात येतात. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे खाली, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, आणि त्यापलीकडे उत्तरेला सातपुडा उभा आहे. घाटाची ही कड म्हणजेच गोदावरी व तापी खोऱ्यांमधला जलविभाजक. पैनगंगा याच डोंगरांत उगम पावून मेहकरावरून पूर्वेला जाते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. ज्ञानगंगा, नळगंगा व विश्वगंगा घाट उतरून पूर्णेत जातात आणि पूर्णा तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. कोरडे पानझडी वन, खारे सरोवर, खारपाण जमीन आणि गवताळ माळ एवढे निरनिराळे जीवसमुदाय या एका जिल्ह्यात सापडतात ते या रचनेमुळे.

त्यांच्या रक्षणाची कायदेशीर चौकट मात्र एकसारखी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ जातींची अनुसूची करतो आणि क्षेत्रांची हद्द आखतो. वाघ अनुसूचीत आहे, अभयारण्याची सीमा नकाशात आहे. पण माळरान हा एक जीवसमुदाय म्हणून कुठेच नोंदलेला नाही. ऑस्ट्रेलियाने १९९९ च्या कायद्यात धोक्यातील जीवसमुदायांची स्वतंत्र यादी केली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने (आययूसीएन) २०१४ मध्ये परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष स्वीकारले. भारतात जीवसमुदायांची तशी कायदेशीर यादी नाही. बुलढाण्यात ही उणीव ठळक दिसते, कारण इथली वने जिल्ह्याच्या एक-दशांशाहूनही कमी जागेत आहेत आणि बाकीचे बरेचसे जैववैभव वनांच्या बाहेर आहे.

वने. जिल्ह्यातील नैसर्गिक वन उष्णकटिबंधीय कोरडे पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह, पळस, बेल ही त्यातली नेहमीची झाडे. मार्चनंतर डोंगर उघडे पडतात. नवखा माणूस त्यांना मेलेले रान समजतो, पण पळस त्याच दिवसांत फुलतो आणि मोहाची फुलेही तेव्हाच गळतात. संरक्षित वनाचे दोन मोठे तुकडे आहेत. बुलढाणा–खामगाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, बोथ्याच्या जंगलात पसरलेले ज्ञानगंगा अभयारण्य (सुमारे २०५ चौ. किमी.) घाटाच्या उतारावर आहे. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य (सुमारे १२७ चौ. किमी.) सातपुड्यात असून मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे. दोन्ही १९९७ मध्ये घोषित झाली.

अंबाबरव्याची खरी ताकद सलगतेत आहे. शेजारच्या वान अभयारण्यातून ते थेट मेळघाटच्या रानात मिसळते, त्यामुळे वाघाला तिथे ये-जा करता येते. सव्वाशे चौ. किमी. एकट्याने वाघांची वस्ती टिकवायला पुरणारे नाही. कोरकू, निहाल, भिल्ल व भिलाला समाजांचे जगणे या डोंगरांशी बांधलेले आहे. व्याघ्र प्रकल्पासाठी झालेल्या गावांच्या पुनर्वसनाचा हिशेब मांडताना मोकळे झालेले कुरण आणि तुटलेले घर या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. याच भागातून अकोला–खंडवा हा जुना मीटरगेज लोहमार्ग जात असे. त्याचे रुंदीकरण मेळघाटातून नेऊ नये आणि मार्ग जंगलाबाहेर, संग्रामपूर–जळगाव जामोदच्या बाजूने वळवावा, असा आग्रह महाराष्ट्र शासनाने धरला. या वळणाने जंगल अखंड राहते आणि आजवर रेल्वे न पाहिलेल्या गावांना ती मिळते. दोन्ही बाजूंचे भले करणारे पर्याय इतके सहज हाती येत नाहीत, म्हणून हे उदाहरण मोलाचे आहे.

ज्ञानगंगेची गोष्ट उलटी आहे. चहूबाजूंनी शेती असलेले ते एक बेट आहे. बिबट, अस्वल, तडस, भेकर आणि रोही (नीलगाय) तिथे आहेत. भोवतालच्या गावांत अस्वलाच्या हल्ल्यांची धास्ती आहे, आणि पिकात घुसणारे रोही व रानडुकरे हे रात्रीच्या जागलीचे कायमचे कारण आहे. १ डिसेंबर २०१९ च्या सुमारास या बेटावर एक पाहुणा पोचला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या, ‘टी१सी१’ असे नाव असलेल्या तरुण वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली होती. तो तेलंगणातून फिरत, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असे जिल्हे ओलांडत ज्ञानगंगेत आला. नोंदलेली एकूण भटकंती ३,००० किमी.पेक्षा जास्त भरली. शेतातून, नाल्यांच्या काठच्या झुडपांतून, रस्ते ओलांडत तो रात्री चालला, आणि वाटेत फारसा कोणाला दिसलाही नाही. या वाघाने एक गोष्ट नकाशावर काढून दाखवली : अभयारण्यांना जोडणारी वाट म्हणजे ओढ्याकाठची बाभळीची, पळसाची ओळ आणि गावाबाहेरचे पडीक. त्या ओळीचे रक्षण आज कुणाच्याच जबाबदारीत येत नाही. ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली, जोडीदार मिळाली नाही. वाघीण आणून सोडावी का, यावर विचार झाला. पण एवढ्या छोट्या, तुटक रानात कुटुंब वाढवण्याचा प्रश्न एका प्राण्याच्या स्थलांतराने सुटणारा नाही.

लोणार. जिल्ह्यातील सर्वांत अनोखी परिसंस्था. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किमी. व्यासाचे आहे. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत : एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने सुमारे ५,७०,००० वर्षे. तळाचे सरोवर खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे, सामू १० च्या आसपास. त्यात मासे जगत नाहीत. सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल आणि क्षारप्रिय जिवाणू हेच इथले मूळ रहिवासी. काठावर मात्र धार, सीतान्हाणी, रामगया हे गोड्या पाण्याचे झरे आहेत. काही पावलांच्या अंतरात पाण्याचा स्वभाव पूर्ण पालटतो, आणि त्याबरोबर झाडेही. जुन्या वर्णनांत उतारावरून तळाकडे येताना शिंदी, चिंच, बाभूळ आणि शेवटी उघडा खारा चिखल असे पट्टे सांगितले आहेत. इथल्या क्षारांची ख्याती मोगल काळातही होती. ‘आईन-इ-अकबरी’त काच व साबण बनवायला लागणारे द्रव्य या भागात मिळते असा उल्लेख आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही क्षारांची स्थानिक नावे आता कुणाच्या तोंडी फारशी येत नाहीत.

लोणार अभयारण्य २००० मध्ये घोषित झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर पाणथळींच्या यादीत गेले, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातील दुसरे. रामसर नोंदीत पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आहेत, त्यांत लांडगाही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसले : उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, सूक्ष्मजीव फोफावले, पावसाने क्षारता उतरताच रंग गेला. गर्दी रंग पाहायला लोटली. काळजी मात्र पाण्याच्या पातळीची आणि रसायनाची करायला हवी. गावाचे सांडपाणी, विवरातली पूर्वीची शेती, भोवतीच्या उपशाने बदलणारे झरे आणि वेडी बाभूळ ही खरी दुखणी. गोडे पाणी जास्त आले तर सरोवर पातळ होते, आणि कमी आले तर आटते. दोन्ही टोके त्याला मारक आहेत. वेडी बाभूळ काढण्याचे काम झाले, पण तोडलेल्या बुंध्यातून ती पुन्हा फुटते, म्हणून हे एका वर्षाचे काम नाही.

खारपाण पट्टा. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा गाळाचा सपाट प्रदेश. बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला. भूजल खारट, काळी चिकण माती सोडियमने घट्ट झालेली, पाणी मुरत नाही. विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्याहून कठीण आहे : संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावांत मूत्रपिंडाच्या आजाराने कुटुंबे पोखरली आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या पट्ट्यासाठी पावसाचे गोडे पाणी साठवणाऱ्या शेततळ्यांची शिफारस केली. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर उभा राहणारा जिगाव प्रकल्प हे खोरे पालटून टाकील; घट्ट, निचरा न होणाऱ्या जमिनीला कालव्याचे पाणी देताना खार वर येणार नाही याची दक्षता त्याच्या आखणीतच असायला हवी.

तळी व गाळ. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटना व जिल्हा प्रशासन यांच्या ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ मोहिमेत तलावांतला गाळ मोठ्या प्रमाणावर काढून शेतांत टाकला गेला. महामार्गाच्या भरावासाठी तलावांची माती-मुरूम वापरण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली. त्याच वर्षी गावांच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेडने राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. पाणी साठले, हे निर्विवाद. मात्र खोदताना तलावाचा उथळ काठ सरळ कापला गेला की चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. एका बाजूचा उतार तसाच ठेवणे खर्चिक नाही.

माळ. सर्वांत दुर्लक्षित परिसंस्था हीच. वऱ्हाडात गावाच्या चराईच्या जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवते, मधे हिवर-बोरी. त्यात ससे, तितर, चंडोल, खोकड आणि लांडगा. धनगरांचे कळप, दिवाळीनंतर कापले जाणारे गवत आणि गुराख्याची वाट यांनी हा माळ जिता ठेवला. चराई पूर्ण थांबली तर तो झुडपांनी भरतो, अति झाली तर उघडा पडतो. १९९० नंतर घाटावर सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे हटली. ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार गुरांना कडब्याची उणीव भरून देत नाही, तेव्हा उरलेल्या ई-क्लासवरचा भार वाढला. त्यातच अतिक्रमणे झाली. त्यांत भूमिहीन दलित-आदिवासी कुटुंबांनी पोटासाठी कसलेले तुकडे आहेत, ज्यांमागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमी-सत्याग्रहाचा इतिहास आहे. आणि जमीन असलेल्यांनी आपला बांध हळूहळू पुढे सारून बळकावलेलेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावसामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पण अतिक्रमणाच्या या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. अलीकडे सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठीही शासकीय व गायरान जमिनी दिल्या जातात. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. जागा ठरते ती सातबाऱ्यावरच्या नोंदीवरून, आणि त्या उताऱ्यात गवताचा, लांडग्याच्या घळीचा किंवा चंडोलाच्या घरट्याचा रकाना नाही.